मनगटावरचा फेस

गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी लिंबाजी खंदारे देवगाव फाट्यावरच्या दत्तराव वारीक यांच्या दुकानातून अर्ध्या दाढीनं बाहेर पडले. डावा गाल साफ होता. उजव्या गालावर साबणाचा फेस तसाच होता. गळ्याभोवतीचं कापड त्यांनी स्वतः सोडलं, घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवलं, खिशातल्या दस्तीनं फेस पुसला आणि रस्ता ओलांडून ते वस्तीकडं निघाले. भांडण झालं नव्हतं, वस्तराही लागला नव्हता. दत्तराव तो वस्तरा हातात धरून दारात उभे होते आणि बाकावर बसलेला सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर विचारत होता, "आता माझा नंबर का?"

लिंबाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर गुरुवारी आणि रविवारी ते दत्तरावांच्या खुर्चीत बसतात. फाट्यालगतच्या बौद्ध वस्तीतून या दुकानात दाढीला आलेले ते पहिले. त्याआधी वस्तीतली माणसं एकमेकांची हजामत करत, किंवा सेलूला बाजाराला गेली की तिथं उरकून येत. पहिल्या दिवशी लिंबाजी दारात उभे राहिले तेव्हा दत्तरावांनी खुर्ची झटकली आणि म्हणाले, "बसा." त्या एका शब्दाची गोष्ट लिंबाजींनी वस्तीत घरोघरी सांगितली होती. त्यांच्या मागून वस्तीतली बाकीची माणसंही येऊ लागली. आज वस्तीत स्वतःच्या हातानं दाढी करणारी फक्त कॉलेजातली पोरं उरली आहेत.

गुरुवारी लिंबाजींच्या आधी खुर्चीत बापू चारठाणकर होते. बापू निवृत्त शिक्षक. आता सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं अशी कामं करतात. दोघांचे वार एकच. बापू आधी, लिंबाजी नंतर, हा क्रम कोणी ठरवला नव्हता, पण कधी मोडलाही नव्हता. बापूंची दाढी होईपर्यंत लिंबाजी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात. त्या दिवशी वर्तमानपत्राची गाडी उशिरा आली. हातात वाचायला काही नव्हतं, म्हणून लिंबाजी दाढी बघत बसले.

त्यांनी पाहिलं ते असं. दत्तराव बापूंच्या गालावरून वस्तरा ओढत. पात्यावर फेस आणि पांढरे खुंट जमले की हात आपोआप मागं येई, आणि दत्तराव पातं आडवं करून ते स्वतःच्या डाव्या मनगटावर पुसत. एक बाजू, मग दुसरी बाजू. धार मागं राहील अशी, म्हणजे कातडीला लागत नाही. दाढी संपेपर्यंत मनगटावर फेसाचा छोटा ढीग झाला होता. चाळीस वर्षं वस्तरा फिरल्यानं त्या जागी दत्तरावांना केसच उगवत नाहीत. बापू उठल्यावर दत्तरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मनगट पुसलं. पाणी घेतलं नाही. ते दुपारी दुकान बंद करतानाच हात धुतात.

मग लिंबाजी बसले. वस्तऱ्यात नवीन पातं लागलं. कापड तेच, साबणाचा ब्रश तोच. पहिला पट्टा ओढून झाला आणि दत्तरावांचा हात भिंतीवरच्या तारेकडं गेला. तारेला जुन्या वर्तमानपत्राचे तळहाताएवढे तुकडे अडकवलेले होते. त्यातला एक त्यांनी लिंबाजींच्या खांद्यावर ठेवला आणि फेस त्यावर पुसला. असंच ते अकरा वर्षं पुसत आले होते. लिंबाजी एक गाल होईपर्यंत गप्प बसले.

"दत्तराव, थांबा."

"लागलं का?"

"न्हाई. बापूचा फेस कुठं पुसला तुमी?"

दत्तरावांनी आधी मनगटाकडं पाहिलं. "इथं."

"अन् माझा?"

"कागदावर."

"कामून?"

"हाताला सवय लागली," दत्तराव म्हणाले.

"हाताला माणूस वळखू येतंय का?" लिंबाजी म्हणाले. मग ते उठले. जाताना त्यांनी जे सांगितलं ते ट्रक ड्रायव्हरनंही नीट ऐकलं. "सगळ्यायला कागद करा, न्हाई तर सगळ्यायला मनगट. ठरलं की निरोप द्या. तवर ही दाढी अशीच ऱ्हाईल."

घरी मालनबाई दोरीवर कपडे टाकत होत्या. नवऱ्याकडं बघून त्यांच्या हातातली चादर खाली आली.

"अवो, निम्मीच?"

"निम्मीच."

"लाईट गेली का काय?"

"वस्तऱ्याला लाईट लागती का?"

लिंबाजींनी झालेलं सांगितलं. मालनबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग मुद्द्याला हात घातला. रविवारी त्यांच्या मुलीला, नीलमला, बघायला हिंगोलीहून पाहुणे येणार होते. मुलगा बँकेत, वडील तालुक्याला हेडमास्तर. हे स्थळ मालनबाईंनी स्वतः शोधलेलं होतं.

"निम्म्या दाढीचा बाप दाखवायचा का त्यायला? फाट्यावर रेझर भेटतंय. दोन मिन्टाचं काम हाय."

"ज्यानं सुरू केली त्यानंच संपवायची."

"अन् न्हाई संपवली तर?"

"संपवतो तो," लिंबाजी म्हणाले. "त्याला बी काम अर्धं टाकायची सवय न्हाई."

शुक्रवारी ते नेहमीप्रमाणे फाट्यावर गेले. चेहरा झाकला नाही, टोपी खाली ओढली नाही. डावा गाल गुळगुळीत आणि उजव्यावर पांढरी झाडी, असे ते चहाच्या हॉटेलात मधल्या बाकावर बसले. हॉटेलवाल्यानं कप पुढं ठेवता ठेवता विचारलं, "खंदारे सायब, आज हाफ तिकीट का?"

बाकडी हसली. लिंबाजीही हसले.

"हाफ तिकीट लेकराला असतंय बाबा. मी तर पुरं मागायलोय."

मग त्यांनी तिथं बसलेल्या एकेकाला विचारलं. दत्तराव तुझी दाढी करतो तेव्हा फेस कुठं पुसतो? बहुतेकांनी आधी डोकं खाजवलं. डोळ्यांसमोर होतं, पण कोणी पाहिलं नव्हतं. आठवून आठवून उत्तरं आली. गावातली पाटलांची घरं, किराणा दुकानदार, जुना पोस्टमन, बापू, या सगळ्यांना मनगट. ट्रकवाले, बदलीवर आलेले मास्तर, मोबाईलच्या दुकानातला पोरगा, यांना कागद. वस्तीतल्या सगळ्यांना कागद. म्हणजे कागद फक्त वस्तीसाठी होता असं नाही. पण मनगट वस्तीतल्या एकाच्याही वाट्याला आलेलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दुपारपर्यंत दोन्ही दत्तरावांच्या कानावर गेल्या.

दुपारी दुकान बंद करून दत्तराव स्वतःच हॉटेलात आले. लिंबाजींच्या समोर बसले. त्यांना हे प्रकरण वाढवायचं नव्हतं आणि कमीपणाही घ्यायचा नव्हता.

"जातीचा इषय न्हाई, लिंबाजीराव. जुन्या गिऱ्हाइकाला मनगट, नव्याला कागद. इतकंच हाय ते."

"जुनं म्हंजी?"

"माझा बाप हत्यारांची धोकटी घेऊन ज्या घरी जायचा, ती घरं जुनी. त्यायला कागद लावला तर म्हणतेल, दत्त्या परका झाला. मनगटावर पुसणं म्हंजी घरचं माणूस समजणं."

"अन् तुमचा बाप आमच्या दाराला आला न्हाई."

"न्हाई आला." दत्तरावांनी ते लगेच मान्य केलं.

"म्हंजी आला न्हाई तुमचा बाप, अन् नवा ठरलो मी."

दत्तरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला.

"अकरा वर्सं झाली, दत्तराव. एसटीत बी इतक्या वर्सात माणूस पर्मनंट होतंय."

हॉटेलवाला फडकं थांबवून उभा होता. दत्तरावांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं, मग लिंबाजींकडं वळले. "एक इचारतो. तुमाला पहिल्यांदा खुर्चीवर कुणी बसिवलं? माझ्या भावकीतले लोक चार महिने माझ्याशी बोलत नव्हते. मी बोललो का तुमाला कधी?"

"न्हाई बोललात. म्हणून तर तुमाला इचारायलोय. ज्यानं खुर्ची दिली त्याला मनगट मागता येतंय. ज्यानं दारच लावलं त्याला काय मागावं?"

दत्तरावांनी चहा मागवला. मग खरी अडचण सांगितली. सगळ्यांना कागद करायची त्यांची तयारी होती. तसा प्रयत्न त्यांनी मागं एकदा केलाही होता. सुरुवात बापूंपासून केली. बापूंनी खांद्यावरचा तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, अक्षरावर घाण पुसायची नाही, दत्ता. ती विद्या आहे. दत्तरावांनी दुसऱ्या खेपेला वहीचा कोरा कागद आणला. बापू म्हणाले, ही न लिहिलेली विद्या आहे.

लिंबाजींना हसू आवरलं नाही. "मास्तर हाय, ऐकतो का!"

"बापू गेले की त्यांच्या मागं गावातली पाच-सात घरं जातेल. सेलूत एसीचं दुकान निघालंय," दत्तराव म्हणाले. "कागद चालत न्हाई त्यायला."

"मग ऱ्हायलं काय?"

"मनगट," दत्तराव हळू म्हणाले, आणि डावा हात टेबलावरून खाली घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी नीलम आली. ती झरीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आईनं दारातच सगळं सांगितलं. तिनं बॅग ठेवली, वडिलांची हनुवटी धरून चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि निकाल दिला.

"बाबा, तुमी घाण मागायलाव. एकाच्या गालाला कापलं, रक्त वस्तऱ्यावर आलं, ते दत्तूकाकाच्या मनगटावर गेलं, तिथं खरचटलेलं असलं तर? कागदच बरोबर हाय. पुसला, टाकून दिला. बापूचंच चुकायलंय."

"मग बापूला बी कागद."

"ते बरोबर."

"बापू ऐकत न्हाई. मग मला मनगट."

"ते चूक."

"चूक तर चूक. पण चूक बी सगळ्यायला सारखी पाहिजे," लिंबाजी म्हणाले. "गाडीत मी कुणाला तिकीट हातात दिलं अन् कुणाच्या मांडीवर टाकलं, असं केलं का कधी? केलं असतं तर तिकीट तर तेच होतं, गाडी बी जाग्यावर पोचली असती."

मालनबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "पाव्हण्यायला काय सांगायचं पर?"

"जे झालं ते सांगा," नीलम म्हणाली. "ज्यायला बापाची निम्मी दाढी चालत न्हाई, त्यायला मी कशी झेपणार? मी तर आक्खी हाय."

"हे बघा, एक निम्मं अन् एक आक्खं," मालनबाई म्हणाल्या आणि चुलीकडं गेल्या. पण त्यानंतर रेझरचं नाव त्यांनी काढलं नाही.

शनिवारी दुपारी बापू चारठाणकर स्वतः वस्तीत आले. लिंबाजींच्या ओट्यावर बसले. या घरी ते चहा घेतात, त्यात नवीन काही नव्हतं. बापूंनी लिंबाजींचा चेहरा पाहिला आणि वर्गातल्या मुलाच्या वहीकडं पाहावं तशी मान हलवली.

"माझ्यामुळं अडलंय म्हणे."

"तुमच्या विद्येमुळं."

"माझी अट कागदाची आहे, लिंबाजी. मनगटाची नाही. मनगट दत्ताचं. त्यावर कोणाचं पुसायचं ते त्यानं ठरवावं. मी कधी त्याला सांगितलं का, की याचं पूस अन् त्याचं नको?"

"न्हाई सांगितलं."

"मग?"

"म्हंजी तुमची हरकत न्हाई."

"मला कशाची हरकत?"

लिंबाजींनी कप खाली ठेवला. "मग उद्या नंबर बदलू. आधी मी बसतो, मागून तुमी."

बापू बशीत चहा ओतत होते. बशी भरली तरी कप वाकडाच राहिला आणि चहा धोतरावर सांडला. मालनबाईंनी फडकं दिलं. बापूंनी धोतर पुसलं, पुन्हा पुसलं.

"मला साडेआठला सेलूत सत्यनारायण आहे," ते म्हणाले.

"माझे पाव्हणे नऊला. मी सातलाच येऊन बसतो. दोघांचं बी बसतंय त्यात."

"बसतं," बापू म्हणाले. त्यांनी चहा संपवला, बशी कपावर पालथी ठेवली आणि उठले. अंगणाच्या टोकाशी जाऊन थांबले आणि तिथूनच, जणू सहज आठवलं म्हणून, विचारलं, "मधी तो हात धुतो का रे?"

"तुमच्या मागून मी बसतो तवा तर धुत न्हाई," लिंबाजी म्हणाले. "टावेलनं पुसतो."

बापूंनी मान डोलावली आणि ते रस्त्याला लागले. निरोप दत्तरावांकडं कोणी नेला ते कळत नाही, पण संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला फाट्यावर सगळ्यांना माहीत होतं की उद्या नंबर उलटा आहे.

रविवारी सात वाजता दत्तरावांच्या दुकानात बाकावर जागा नव्हती. ज्यांची दाढी काल झाली होती तेही आले होते. हॉटेलवाल्यानं चहाची केटली इथंच आणून ठेवली होती. लिंबाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बापू त्यांच्या आधीच येऊन बाकाच्या टोकाला बसले होते. खुर्ची रिकामी होती.

"या," दत्तराव म्हणाले. त्यांनी नवीन पातं लावलं. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडली. उजव्या गालाला साबण लावला, ब्रश बराच वेळ फिरवला. मग कानाजवळून पहिला पट्टा ओढला. पात्यावर फेस आणि खुंट जमले.

हात मागं आला. तारेवरचे कागद वाऱ्यानं हलत होते. आरशात लिंबाजींना तारही दिसत होती आणि दत्तरावांचा चेहराही. दत्तरावांनी तारेकडं पाहिलं नाही. त्यांनी पातं आडवं केलं आणि डाव्या मनगटावर पुसलं. एक बाजू, मग दुसरी बाजू.

लिंबाजींची मान थोडी हलली.

"हलू नका," दत्तराव म्हणाले. "लागंल. मग पाव्हण्यायला काय दाखवणार?"

"हात थरथरायलाय का तुमचा?"

"माझा हात चाळीस वर्सांत थरथरला न्हाई. गप बसा."

बाकावर कोणीतरी हसलं. त्यानंतर दाढी दाढीसारखीच झाली. उजवा गाल, हनुवटी, गळा, आणि तीन दिवसांत डाव्या गालावर उगवलेलं बारीक पीकही. प्रत्येक पट्ट्यानंतर वस्तरा मनगटावर गेला. तुरटी फिरली, मिशीची टोकं कात्रीनं सारखी झाली. दत्तरावांनी कापड झटकलं. लिंबाजींनी आरशात दोन्ही गाल पाहिले, दोन्हींवरून हात फिरवला. "बराबर झालं," ते म्हणाले.

ते खुर्चीतून उठले, पण घरी गेले नाहीत. बाकावर बापूंची जागा रिकामी होत होती, तिथं जाऊन बसले. वर्तमानपत्र आलेलं होतं. त्यांनी ते उघडलं नाही, मांडीवर ठेवलं.

बापू खुर्चीत बसले. मान मागं टेकवली. दत्तरावांनी गळ्याभोवती कापड बांधलं, वस्तऱ्यातलं पातं काढून टाकलं, नवीन लावलं, साबण लावला. या सगळ्या वेळात डाव्या मनगटावर लिंबाजींच्या दाढीचा फेस तसाच होता. त्याच्या कडा वाळायला लागल्या होत्या. टॉवेल दत्तरावांच्या खांद्यावर होता. दाराजवळ पाण्याची बादली भरलेली होती आणि तिच्यात प्लास्टिकचा मग तरंगत होता.

लिंबाजींच्या खिशातला फोन वाजला. मालनबाई होत्या. पाहुण्यांची गाडी जिंतूरच्या पुढं निघाली होती.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"माझी झाली," लिंबाजी म्हणाले.

"मग या की."

"येतो. थोडं ऱ्हायलंय." त्यांनी फोन बंद केला आणि बसून राहिले.

बापूंचे डोळे उघडे होते. ते आरशात स्वतःकडं पाहत नव्हते, दत्तरावांच्या मनगटाकडं पाहत होते. दत्तराव त्यांच्या बाजूला वस्तरा उघडून उभे होते.

"बापू, करू का सुरू?"

सात वाजून पस्तीस मिनिटांपर्यंतची खबर अशी आहे: बापू चारठाणकरांच्या दोन्ही गालांना साबण लागलेला आहे. टॉवेल दत्तरावांच्या खांद्यावर आहे, प्लास्टिकचा मग बादलीत आहे, आणि बापूंनी अजून उत्तर दिलेलं नाही.